खान्देशात एक दिवसाची डोंगरभटकंती: पहिल्यांदा निघताना जागा कशी निवडायची

पाऊस उघडला की ऑफिसातलं कोणी ना कोणी दरवर्षी येऊन विचारतं, "भो, रविवारी कुठंतरी डोंगरात चालायला जायचंय, सीन भारी पाहिजे, जास्त दमायचं नाही, संध्याकाळपर्यंत घरी, सांग ना एखादी जागा." मी जागा सांगत नाही, उलटे प्रश्न विचारतो. महिना कोणता, सोबत कोण कोण, आणि परतीची गाडी कितीची? समोरचा वैतागतो, त्याला वाटतं हा भाव खातोय. पण ह्या तीन प्रश्नांची उत्तरं आली की निम्म्या जागा आपोआप गळतात आणि उरलेल्यातली कुठलीही धरा, दिवस वाया जात नाही.

माझा स्वतःचा पहिला दिवस वाया गेला तो फोटोपायी. कुणीतरी व्हॉट्सॲपवर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या धवलतीर्थाचा फोटो टाकलेला, पांढराशुभ्र धबधबा, खाली सगळं हिरवंगार, आणि आम्ही चौघं तो बघून डिसेंबरात चाळीसगावला उतरलो. पोचलो तर काळ्या कातळावर ओलसर पट्टा तेवढा. एकजण म्हणाला, कोणी नळ बंद करून गेलं वाटतं. फोटो पावसाळ्यातला होता, आणि तो कधीचा हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. "नॅशनल पार्कमध्ये ट्रेक" असं शोधत असाल तर खान्देशात नॅशनल पार्क नाहीच. महाराष्ट्रात सहा आहेत, ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली, त्यातलं आपल्याला जवळ पडणारं म्हणजे मेळघाटातलं गुगामल, आणि तिथं कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, मनात आलं म्हणून पायी हिंडता येत नाही, जिप्सीत बसून सफारी करायची. पायी चालायचं तर आपली अभयारण्यं आणि किल्लेच बरे. दक्षिणेला गौताळा औट्रमघाट, १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण २६० चौरस किलोमीटर, जळगाव आणि संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं, पाटणादेवी ह्यातच येते. उत्तरेला सातपुड्यात यावल, ते त्याहून जुनं, १९६९ चं. मग नंदुरबारकडे तोरणमाळ, धुळ्याच्या बाजूला लळिंग. अभयारण्यातही वाट्टेल तिथं घुसायचं नाही, पण देवळाच्या, लेण्यांच्या रुळलेल्या वाटा आहेत आणि नवख्या माणसाला त्या पुरून उरतात.

आधी महिना बघा, मग जागा

आपल्याकडे एकच डोंगर ऑगस्टात वेगळा, नोव्हेंबरात वेगळा आणि एप्रिलमध्ये तर ओळखूच येत नाही.

जुलैचा शेवट ते सप्टेंबर, धबधबे बघायचे तर हेच दिवस, दुसरे नाहीत. पण ह्याच दिवसांत सगळ्यात जास्त डोकं शाबूत ठेवायला लागतं. पाटणादेवीचं खोरं कन्नडच्या पठाराखाली आहे, म्हणजे पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी खाली आपल्या पायाशी येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. ३१ ऑगस्ट २०२१ ला हेच झालं, रात्रभर वर पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या आणि तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगावात पाणी शिरलं. त्यामुळे पावसाळ्यात नियम साधा, जाताना जो ओढा ओलांडाल तोच येताना ओलांडायचाय हे लक्षात ठेवायचं, पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काड्या-पाचोळा वाहून यायला लागला की सेल्फी सोडून अलीकडच्या काठावर यायचं. धबधब्याच्या बरोब्बर खाली उभं राहायचं नाही, वरून दगड येतात. आणि शेवाळलेल्या काळ्या दगडावर भारीतला बूटसुद्धा घसरतो, तिथं बसून उतरलं तर कोणी हसत नाही, हसलं तर हसू दे.

ऑक्टोबर फसवा. गाडीतून बघताना हिरवं दिसतं, उतरून चालायला लागलं की दमट उकाडा आणि गुडघ्याएवढ्या गवतातली कुसळं. लळिंगच्या कुरणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोज्यात जी कुसळं घुसतात ती पुढची दोन धुणी निघत नाहीत.

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा खरा सीझन. हवा गार, आभाळ स्वच्छ, वर पोचलं की लांबपर्यंत कापसाची, केळीची शेतं दिसतात, शिवाय येताना भरीत मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे झाकून हेच तीन महिने धरावेत, फक्त धबधब्याची आशा धरू नये.

फेब्रुवारी-मार्च लोकांना आवडत नाही, मला आवडतो. पावसाळ्यात सागाची सुपाएवढी पानं असतात, वाटेवरून पलीकडचं काही दिसत नाही, नुसतं हिरवं बोगदं. पानगळ झाली की तीच वाट मोकळी होते, कडे, दरी, समोरची सोंड सगळं उघडं पडतं, आणि मधेच पळस पेटल्यासारखा फुललेला. फक्त मोहाची फुलं पडायला लागली की भल्या पहाटे मोहाखाली रेंगाळायचं नाही, अस्वलाला ती फार आवडतात. विडी-सिगारेट तर ह्या दिवसांत गाडीतच ठेवा, पाचोळ्याला एक ठिणगी बस होते.

एप्रिल ते जूनचा पहिला पाऊस, नाही म्हणजे नाही. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो, कातळ तापतो तो संध्याकाळीही थंड होत नाही. आंबे खा, घरी बसा.

डोंगराचं तोंड कुठं आहे ते बघा

हे मला चार-पाच वर्षं फिरल्यावर कळलं, आधी कोणी सांगितलं नाही. तापीच्या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि दोघं एकमेकांकडे तोंड करून बसलेत. अजिंठा-सातमाळ्याचे कडे चाळीसगाव-पाचोऱ्याच्या बाजूने उत्तरेकडे बघतात, त्यामुळे थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो तेव्हा ह्या कड्यांच्या पायथ्याला बराच वेळ सावली मिळते. यावल-चोपड्याकडून दिसणारा सातपुडा दक्षिणेकडे बघतो, म्हणजे थंडीतसुद्धा दिवसभर ऊन अंगावर. म्हणून जरा उशिरा निघणार असाल, लहान मुलं असतील, तर पाटणादेवीची बाजू धरा, आणि सातपुड्यात जायचं असेल तर सकाळी सातला चालायला सुरुवात झालीच पाहिजे, अकराला सावलीत. गुगल मॅपवर सॅटेलाइट लावून पाच मिनिटांत हे कळतं, त्याला काही मोठी अक्कल लागत नाही.

वेळेचं गणित, आणि ते उलटं करायचं

अंतर किती हा प्रश्न एकटा कामाचा नाही. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब दिलेला, तो अजून वापरतात: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वरून एक तास जास्त. म्हणजे जाऊन-येऊन आठ किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ असेल तर कागदावर सव्वादोन तासाच्या आत होतं. पण तो हिशेब सवयीच्या पायांचा आणि थंड देशातला. आपलं ऊन, आपले फोटो, "थांब जरा बूट काढतो", डब्बा खाणं, हे सगळं धरून मी नवख्या ग्रुपला सरळ दुप्पट करतो. सव्वाचार तास. आजवर त्यात बसलोय.

चढ किती हे कुठून कळणार? सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा मिळाला तर उत्तम, त्यात उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरवर असतात, आपल्या वाटेने किती रेषा ओलांडल्या त्या मोजायच्या आणि वीसने गुणायचं. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथं उभा चढ समजायचा. मोबाइलवरच्या ॲपमध्येही अशा रेषा दिसतात, फक्त नकाशा घरीच डाउनलोड करून न्या, खोऱ्यात उतरलं की रेंज जाते.

आता उलटं गणित म्हणजे काय, तर शेवटापासून मोजायचं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो आणि खोऱ्यात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. मग पाचला गाडीपाशी, म्हणजे उतरायला दोन तास लागणार असतील तर तीनला पाठ फिरवायची, टोक आलेलं असो की नसो. ही पाठ फिरवायची वेळ सकाळीच सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवा, कारण वर गेल्यावर "दहा मिनिटं अजून" म्हणणारा एकतरी निघतोच आणि बऱ्याचदा तो मीच असतो.

पाटणादेवीहून पितळखोऱ्याला जंगलातून चढून गेलो तेव्हा असंच झालं. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली बौद्ध लेणी, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्यांपैकी, एका जोत्यावर हत्तींची अख्खी रांग कोरलेली आहे. इथला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं त्याच्यावरच कोरलंय. मी ते सगळं ग्रुपला सांगत बसलो, हत्तीच्या कानापर्यंत आलो तेव्हा साडेतीन वाजलेले. उतरताना सागाच्या जंगलात अंधार झाला, दोन मोबाइलच्या टॉर्चवर चालत होतो, त्यातला एक अर्ध्यात बंद पडला. तेव्हापासून बॅगेत हेडटॉर्च असतोच, दुपारच्या ट्रेकलासुद्धा. गंमत अशी की हे सगळं झालं पाटणच्या शिवारात, जिथं गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथं सापडलाय. त्या गावात आम्ही दोन आणि दोनचं गणित चुकलो.

सोबत कोण

ग्रुपमधल्या सगळ्यात मागे राहणाऱ्या माणसाच्या पायाने जागा निवडा, पुढे पळणाऱ्याच्या नाही. काकू येणार असतील, कोणाचा गुडघा दुखत असेल, तर लाज न बाळगता सपाटीची जागा धरा. आणि मागच्या माणसाच्या मागे एक माहितगार ठेवा, बस.

विचारपूस

अभयारण्यात जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, जी फी असेल ती भरायची, आणि आत कुठपर्यंत जाता येतं ते तिथंच विचारायचं, कारण पावसात किंवा वणव्याच्या दिवसांत वाटा बंद करतात. वाटाड्या मिळत असेल तर घ्या. यावलच्या बाजूला तडवी, पावरा, भिल्ल वस्तीतला एखादा दादा सोबत असला की जे झाड तुम्हाला नुसतं झाड दिसतं ते अंजन आहे, धावडा आहे की सालई हे कळत जातं. पैसे आधी ठरवा आणि ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त द्या.

गावात वाट विचारताना एक कळीची गोष्ट. "किती लांब आहे" विचारू नका. "आठेच शे", म्हणजे अहिराणीत "इथंच आहे", असं उत्तर येतं आणि ते "आठेच" चार किलोमीटर निघतं, त्यांच्या पायाला ते इथंच असतं, खोटं कोणी बोलत नाही. त्यापेक्षा विचारायचं, "दादा, वर पानी शे का?" आणि "तुम्ही सकाळी गेलात तर जेवायला घरी येता का?" ह्या दोन उत्तरांत सगळा ट्रेक कळतो.

आता जागा, माझ्या मताने

अगदी पहिलाच दिवस असेल तर लळिंग. धुळ्याहून दहा किलोमीटरच्या आसपास, मुंबई-आग्रा हायवेला लागून गाव, गावातूनच वाट, आरामात तासाभरात वर. खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला, वर पाण्याची टाकी, तटबंदीचे तुकडे, खाली हायवेवरचे ट्रक खेळण्यातल्यासारखे. सावली मात्र फार नाही, म्हणून सकाळचाच. पायथ्याच्या बाजूला जंगलात लांडोर बंगला आहे, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं मुक्कामाला होते, दरवर्षी ३१ जुलैला तिथं लोक जमतात. सोनगीर ह्याहून छोटा, त्याच हायवेला धुळ्याच्या उत्तरेला, अर्ध्या दिवसात उरकतो, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं आहेत, घरच्यांना खूश करायला बरी.

दुसऱ्यांदा जाताना पाटणादेवी, आणि ही माझी सगळ्यात लाडकी जागा कारण एकाच पार्किंगमधून तीन वेगवेगळ्या ताकदीचे दिवस निघतात. चाळीसगावपासून अठरा किलोमीटर, चाळीसगाव मेन लाइनवरचं जंक्शन, त्यामुळे भुसावळ-जळगावहून ट्रेनने येता येतं. ज्यांना जास्त चालायचं नाही त्यांनी चंडिकेचं देऊळ, हेमाडपंती महादेव मंदिर आणि केदारकुंडापर्यंत जाऊन यावं. मधल्यांनी पावसाळ्यात धवलतीर्थ, किंवा थंडीत कण्हेरगड, वाटेत नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही लेणी लागतात, शेवटचा टप्पा कातळाचा, तिथं हात टेकायला लागतात. आणि तिसरी पितळखोऱ्याची वाट, ती पूर्ण दिवसाची आणि वाटाड्याशिवाय नको. पितळखोरं बघायचंच आहे पण चढायचं नाही तर कन्नडच्या बाजूने वर पठारापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या उतरून लेणी. नवरात्रात पाटणादेवी टाळा, दर्शनाला जायचं असेल तर जा, चालायला नको.

सातपुड्यात घरच्यांना घेऊन जायचं तर पाल, रावेर तालुक्यातलं, सुकी नदीच्या बाजूचं, हलकं चालणं आणि गार हवा. मनुदेवी यावल तालुक्यात, आडगावकडून, देवळाशेजारीच पावसाळ्यात धबधबा कोसळतो, गर्दीची जागा आहे पण भर पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी जाऊन बघा, मग बोला.

तोरणमाळ एका दिवसात होतं का? शहाद्याहून होतं, जळगावहून करू नका, दिवस गाडीतच जातो. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, सात पायरी घाट चढून जायचं, वर यशवंत तलावाच्या काठाने चालायचं आणि सीताखाईच्या कड्यावरून खाली बघायचं. पावसात धुकं उतरलं तर सीताखाईत काहीच दिसत नाही, तासभर बसा, पडदा सरकतो. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, तेव्हाची गर्दी वेगळी.

अजिंठ्याचं लोक विसरतात. लेणी सगळे बघतात, व्ह्यू पॉइंटवरून पायऱ्यांनी खाली उतरत लेण्यांकडे यायचं फार कमी जणांना माहीत. वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि त्या वळणात लेण्यांची ओळ, १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली. सोमवारी लेणी बंद असतात हे ध्यानात ठेवा, आमच्यातले दोघं सोमवारी जाऊन आलेत.

नंदुरबारकडचा अस्तंभा डोंगर मात्र पहिल्या वर्षात नको. १३२५ मीटर, दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याच्या यात्रेला हजारो लोक अनवाणी जातात म्हणून सोपा वाटतो, सोपा नाही.

बॅगेत काय

माणशी तीन लिटर पाणी, ऑक्टोबरात चार. वर टाकं आहे, झरा आहे ह्याच्यावर भरवसा नाही. ओआरएसची दोन पाकिटं. खायला रावेरची केळी, शेंगदाण्याचे लाडू, आणि कळण्याची भाकरी-ठेचा, भाकरी दुपारपर्यंत चिवट होते पण टिकते, चिप्सने फक्त तहान लागते. फुल पँट, गुळगुळीत कापडाची, जीन्स नको, ओली झाली की जड होते. थंडीत खाजकुयलीच्या शेंगांना हात लावू नका, त्यावरची मखमल अंगाला लागली की दिवसभर नाचाल.

कड्यांना, लेण्यांच्या छताला आग्या मोहोळ असतं, म्हणून सेंट मारून जायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही. उठलंच तर तोंड-मान झाकून आल्या वाटेने लांब पळायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आपल्याकडे आहेत, दगडाच्या खाचेत न बघता हात घालू नका. चावलाच साप तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे तर अजिबात नाही, माणसाला हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, तीही सेव्ह करून ठेवा. रेंज शेवटची कुठं होती ते जाताना बघत जा, फोन करायला तिथंच परत यावं लागतं.

निघायच्या आदल्या रात्री घरी कागदावर लिहून ठेवा, कुठं जातोय, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. मी फ्रिजवर चिकटवतो.

आणि एक जुना कंगवा गाडीत टाका, बारीक दातांचा. कुसळं त्यानेच निघतात.